म्हातारी मांजर ट्रेबाहेर का जाते? घर पाक ठेवून तिलाही सांभाळता येतं

दहा-बारा वर्षं घरात वावरलेली मांजर एक दिवस जानमाजवर लघवी करते. आठवड्याने अब्बूंच्या गादीवर, मग सोफ्यामागे. आधी चिडचिड होते, नंतर खोल्यांची दारं बंद ठेवणं सुरू होतं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "पोत्यात घाला आणि मार्केट यार्डाकडे सोडून या." खामगाव असो, मलकापूर असो की चिखली, आपल्या ओळखीच्या घरांत हे वाक्य अधूनमधून ऐकू येतंच. बोलणारी माणसं निर्दयी नसतात. त्यांनीच त्या मांजरीला पिल्लू असताना दूध पाजलेलं असतं. पण पाच वेळची नमाज, घरात रांगणारं मूल, पाहुणे आणि तो वास, यात जीव मेटाकुटीला येतो.

अशी मांजर बाहेर सोडली तर तिचं काय होतं ते आधी स्पष्ट सांगायला हवं. १५ वर्षांची मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात साधारण ७५ वर्षांची म्हातारी. दात गेलेले, नजर कमी, कुत्रं मागे लागलं तर पळता येत नाही. बाजारात तिला शिकार जमणार नाही आणि तिथली मांजरं तिला जागा देणार नाहीत. पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे, कलम ११ खाली. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, इतका जुनाट की कुणाला त्याची भीती वाटत नाही. भीती वाटायला हवी ती दुसऱ्या गोष्टीची. मांजरीला कोंडून ठेवणारी, तिला खायला न देणारी आणि स्वतःचं खाणं शोधायलाही मोकळं न सोडणारी जी स्त्री आगीची हकदार ठरली, तिच्याबद्दलची हदीस आपल्या मुलांनासुद्धा माहीत असते.

म्हणून या लेखात दोन्ही बाजू एकत्र घेतल्या आहेत. मांजर असं का करते, आणि घर, कपडे, नमाजची जागा पाक कशी ठेवायची. यातलं एक केलं आणि दुसरं सोडलं तर त्रास संपत नाही.

सूड नाही, दुखणं आहे

"रागावलो म्हणून मुद्दाम करते" हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. वर्षानुवर्षं शिस्तीत राहिलेली मांजर म्हातारपणी जागा चुकवते तेव्हा शरीरात काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मारणं, नाक त्या जागी घासणं, ओरडणं याने ती फक्त घाबरते. मग आपल्या नजरेसमोर न करता पलंगाखाली जाऊन करते, आणि आपल्याला ते दोन दिवसांनी कळतं.

सांधेदुखी हे कारण आपल्या लक्षात सहसा येत नाही, कारण मांजर लंगडत नाही आणि विव्हळतही नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांपुढच्या १०० मांजरींचे एक्स-रे तपासले होते. त्यातल्या ९० मांजरींमध्ये सांध्यांची झीज दिसली. दहातल्या नऊ! आता विचार करा, आपण ठेवलेल्या टबाची कड वीतभर उंच असेल तर गुडघे दुखणाऱ्या दादीला रोज कठडा ओलांडून संडासला पाठवल्यासारखंच ते झालं. मांजर टबापर्यंत येते, थांबते आणि बाजूलाच करते. किंवा पुढचे पाय आत टाकते, मागचे बाहेरच राहतात. खरखरीत खडे दुखऱ्या पंजांना टोचतात, मग ती मऊ जागा शोधते. जानमाज, दुलई, गादी, धुवायच्या कपड्यांचा ढीग. जानमाजवरच का, याचं उत्तर एवढंच आहे: ती मऊ आहे, जमिनीवर आहे आणि लघवी शोषून घेते.

सांधे दुखतात हे ओळखायचं कसं? पूर्वी खिडकीवर एका उडीत जाणारी आता आधी स्टुलावर, मग खिडकीवर जाते. पाठीच्या मागच्या भागातले केस गुंतलेले दिसतात, कारण तिथपर्यंत मान वळवून चाटता येत नाही. नखं वाढून फरशीवर टकटक वाजतात. उचलून घेतलं की गुरकावते.

दुसरं मोठं कारण गुर्द्याचं. म्हाताऱ्या मांजरींमध्ये गुर्दे हळूहळू कमजोर होतात, लघवी पातळ आणि पुष्कळ होते, म्हणून पाणीही जास्त पितात. सकाळी साफ केलेला टब दुपारपर्यंत ओलाचिंब होतो आणि मांजर ओल्या टबात पाय ठेवत नाही. साखरेच्या आजारातही असंच होतं. थायरॉईड वाढलेली मांजर भरपूर खाते आणि तरीही वाळत जाते. घरी एक सोपी तपासणी करता येते. सकाळी वाटीत मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, असं तीन दिवस. बाकीची भांडी आणि मोरीतली बादली तेवढे दिवस झाकून ठेवा. ४ किलोची मांजर दिवसाला २०० मिलिलिटरच्या पुढे जात असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा सगळीच मांजरं थोडं जास्त पितात हे खरं. पण उन्हाळा सरला, पाऊस पडला आणि तरीही वाटी रिकामी होत असेल तर उन्हाचं कारण उरत नाही.

जास्त पिते म्हणून पाणी कमी मात्र करू नका. काही घरांत हा "उपाय" केला जातो. गुर्द्याच्या आजारात पाणी तोडणं म्हणजे मांजरीचा जीव घेणं. उलट दोन-तीन जागी पाणी ठेवा, मातीचं पसरट भांडं चांगलं.

शी बाहेर आणि लघवी टबात, असा प्रकार असेल तर बद्धकोष्ठाचा विचार करावा. टबात बसल्यावर दुखलं की मांजर टबालाच दोष देते आणि पुढच्या वेळी दुसरी जागा बघते. आणि खूप म्हाताऱ्या मांजरींना माणसांसारखा विसरही पडतो. रात्री विनाकारण ओरडत फिरणं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, खाऊन झाल्यावर पुन्हा मागणं, ही त्याची लक्षणं.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. बोका वारंवार टबात जातो, जोर करतो, ओरडतो, लिंगाची जागा सारखी चाटतो आणि लघवी येत नाही किंवा थेंबच येतात, तर लघवीचा मार्ग बंद झालेला असू शकतो. अशा वेळी एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. घरचे लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात आणि वेळ निघून जाते.

डॉक्टरकडे काय घेऊन जायचं

आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे गर्दी बैल, म्हशी आणि बकऱ्यांची, हे खरं. मांजर घेऊन रांगेत उभं राहिलं की लोक हसतात, तेही खरं. तरी जावं. रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या किंवा एक-रे लागले तर अकोला जवळ पडतं. तिथल्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत जनावरांचा दवाखाना आहे. ही संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. खामगावहून अकोला ५० किलोमीटरच्या आसपास. मलकापूर, नांदुरा, शेगावच्या लोकांना थेट रेल्वे आहे. झाकणाची टोपली किंवा भाजीचं क्रेट वरून जाळीने बांधून घ्यावं, आत तिच्या वासाचं जुनं फडकं टाकावं. पिशवीत किंवा ओढणीत गुंडाळून नेलेली मांजर स्टँडवर हॉर्न वाजला की निसटते.

सोबत एक वही न्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे, लघवी की शी, थोडी की डबकं, एवढं आठ-दहा दिवस लिहिलेलं असलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं. मोबाईलवर तिच्या चालण्याचा आणि टबात बसण्याचा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मांजर भीतीने आखडून बसते, तिथे तिचं खरं चालणं दिसत नाही. लघवी न्यायची असेल तर धुऊन कोरडा केलेला रिकामा टब ठेवा किंवा त्यात धुतलेले गुळगुळीत खडे टाका, आणि सुई काढलेल्या सिरिंजने लघवी ओढून घ्या.

दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीला मारू शकते. माणसाचं यकृत ज्या पद्धतीने ते औषध निकामी करतं, ती यंत्रणा मांजरीत फार कमकुवत असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचंही तसंच. सांधेदुखीला मांजरींची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांनी वजन आणि गुर्दे बघूनच द्यायची.

जिने कधी टबच पाहिला नाही

इंग्रजी व्हिडिओंमध्ये गृहीत धरलेलं असतं की मांजर जन्मापासून लिटर ट्रे वापरते. आपल्याकडे तसं नाही. आपली देशी मांजर आयुष्यभर बाहेर गेलेली असते. परसातली माती, शेजारच्या बांधकामावरचा रेतीचा ढीग, गल्लीच्या टोकाचा मोकळा प्लॉट. आपण "ती घरात कधी घाण करत नाही" असं कौतुकाने सांगतो, पण ती घाण कुठे करते ते आपण पाहिलेलं नसतं. म्हातारपणी भिंतीवरून उडी जमत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांची भीती वाटते, पावसाळ्यात आपली काळी माती पायाला गोळाभर चिकटते. मग ती दारापाशी बसते, म्याव करते, कुणी उठत नाही आणि कोपऱ्यात काम होऊन जातं. अशा मांजरीने ट्रे चुकवलेला नसतो. तिला ट्रे कुणी दिलेलाच नसतो.

तर तो आता द्यायचा. महागाचा लागत नाही. रुंद, उथळ, मांजरीच्या लांबीच्या दीडपट असेल असं काहीही चालतं. बांधकामाचं घमेलं एकट्या-दुकट्या लहान मांजरीला पुरतं, पण त्याची कड उंच आणि तळ गोल, म्हाताऱ्या पायांना तोल सांभाळावा लागतो. त्यापेक्षा कपडे धुण्याचा प्लास्टिकचा चौकोनी टब घ्या आणि एका बाजूची कड गरम सुरीने कापून जमिनीपासून दोन-तीन बोटं उंच ठेवा. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पोटाला ओरखडे पडतात. बाकीच्या तीन बाजू उंचच राहू द्या, कारण सांधे दुखणारी मांजर पूर्ण खाली न बसता उभ्याउभ्या करते आणि धार कडेवरून बाहेर जाते. फारच अशक्त असेल तर बेकरीतला पत्र्याचा उथळ ट्रे उत्तम, खाली रेक्झिनचा तुकडा अंथरावा.

आत काय टाकायचं? सुरुवातीला जिथे ती जायची तिथलीच माती किंवा रेती. तो वास तिला ओळखीचा असतो. ढिगावरची रेती चाळून, कडक उन्हात चांगली वाळवून घ्या, तिथे इतर मांजरांनीही कार्यक्रम केलेला असतो. दोन बोटं जाडीचा थर पुरे, जास्त खोल रेतीत दुखरे पाय रुततात. काळी माती नको. सॉ मिलमधला लाकडाचा भुसा हलका आणि मऊ असतो, पण बारीक धुरळा उडत असेल तर चाळून घ्यावा. वासाचं, गुठळी होणारं तयार लिटर आता ऑनलाईन सगळीकडे येतं. घ्यायचंच तर बारीक दाण्याचं आणि बिनवासाचं घ्या. लव्हेंडरचा वास आपल्यासाठी घातलेला असतो, मांजरीला तो नकोसाच.

जागा निवडताना आपली सोय थोडी बाजूला ठेवावी लागते. गच्चीवर, जिन्याखाली, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलेला टब म्हातारी मांजर वापरत नाही. ती जिथे झोपते त्याच मजल्यावर, थोडा आडोसा असलेल्या पण कोंडी न होणाऱ्या जागी ठेवा. तिच्या जेवणाच्या ताटलीला लागून नको. दोन मांजरी असतील तर तीन टब, हा जगभरचे डॉक्टर सांगतात तो हिशेब. एकच मांजर असली तरी म्हातारपणी दोन टब असावेत, एक झोपायच्या जागेजवळ आणि एक ती चुकवते त्या जागेजवळ. रात्री तिथे झिरोचा बल्ब लावून ठेवा, नजर कमी झालेली असते. दिवसातून दोनदा गोळे काढा. आणि टब आवडू लागला की लगेच हलवू नका. हलवायचाच तर रोज वीतभर.

टब धुताना गरम पाणी आणि साधा साबण, बस.

फिनाईल का नको

मांजरीने घाण केली की आपला हात सवयीने फिनाईलच्या बाटलीकडे जातो. यातच दोन नुकसानं आहेत. फिनॉल गटातली रसायनं मांजरीच्या शरीराला बाहेर टाकता येत नाहीत, कारण तेच, यकृताची ती यंत्रणा कमकुवत. ओल्या फरशीवरून ती चालते, मग पंजे चाटते आणि विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं तपकिरी जंतुनाशक सुद्धा याच वर्गातलं. डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात टाकून मांजर दूर ठेवायची युक्तीही तितकीच घातक, आणि लहान मुलं त्या तोंडात घालतात ते वेगळंच. ब्लीच लघवीवर ओतलं तर घशाला झोंबणारा वायू सुटतो. बंद मोरीत तर नकोच.

दुसरं नुकसान असं की याने मांजरीसाठीचा वास जात नाही. तिच्या लघवीतलं युरिक ॲसिड वाळून स्फटिक होतं आणि ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. आपल्याला वाटतं गेलं. मग मृगाचा पाऊस पडतो, हवा दमट होते आणि मार्चमधला डाग जूनमध्ये पुन्हा बोलू लागतो. मांजरीच्या नाकाला तर तो मधल्या काळातही येत असतो, आणि जिथे लघवीचा वास तिथे मुतायचं, एवढा तिचा साधा कायदा. लोबान, अत्तर, रूम फ्रेशनर यांनी आपलं नाक फसतं, तिचं नाही.

योग्य पद्धत अशी. ओलं असतानाच जुन्या सुती कपड्याने दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाईम असलेलं द्रावण ओता. पाळीव प्राण्यांच्या सामानात ते तयार मिळतं. नाहीतर कपड्यांच्या पावडरीच्या पुड्यावर एन्झाईम लिहिलेलं आहे का पाहा आणि नऊ भाग कोमट पाण्यात एक भाग पावडर विरघळवून ते वापरा. उकळतं पाणी नको, त्याने एन्झाईम निकामी होतात. पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने साबणाचा अंशही न ठेवता धुवा आणि वाळू द्या. टाईल्सवर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं. शहाबादी किंवा कडप्पा फरशी असेल तर व्हिनेगर, लिंबू अजिबात नको, ती चुनखडीचीच असते आणि आम्लाने खरवडली जाते. आपल्या जुन्या घरांत शहाबादीच असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

वास येतो पण जागा सापडत नाही, तेव्हा दुकानदार नोटा तपासायला जो निळा दिवा वापरतात तो रात्री खोली अंधारी करून फिरवा. जुने डाग पिवळट-हिरवट चमकतात. शोधताना भिंतीचा खालचा वीतभर भागही बघावा.

कापसाची गादी भिजली तर वरून कितीही धुतलं तरी आत राहतं. खोळ उसवून भिजलेला कापूस काढून टाका, खोळ धुवा आणि उरलेला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. त्यानंतर चादरीखाली रेक्झिन घालायचं. फोमची गादी असेल तर आधीच घालून ठेवा, तिला पिंजारीही वाचवू शकत नाही.

पाकीचा प्रश्न

खरी घालमेल इथे असते. मांजर स्वतः नापाक नाही, हे नक्की. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सूनबाई कब्शा (रजि.) वुजूचं पाणी ओतत होत्या, मांजर आली, तर त्यांनी तिला पिता यावं म्हणून भांडंच तिरकं केलं. सूनबाईंना नवल वाटलेलं पाहून त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांचं सांगणं कळवलं की मांजर नापाक नाही, ती तुमच्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे. तिने अंगाला अंग घासलं, जानमाजवर झोपली, सजद्याच्या जागेवरून गेली, याने नमाजला बाधा येत नाही.

तिची लघवी आणि शी मात्र नापाक आहे. यातही शंका नाही. म्हणजे उपाय मांजर काढण्याचा नाही, जागा धुण्याचा आहे. मस्जिद-ए-नबवीत एका खेडुताने लघवी केली तेव्हा त्याला दरडावू न देता त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं गेलं, ही हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या भागात बहुतेक लोक हनफी पद्धत पाळतात. त्यात पिळता येईल असं कापड तीनदा धुऊन दरवेळी पिळायचं. जाड सतरंजी, गालिचा पिळता येत नाही, तर तीनदा धुऊन दरवेळी पाणी टपकायचं थांबेपर्यंत लटकवून ठेवायचं. धुऊनही सहज न जाणारा वास किंवा हलका डाग राहिला तर त्याने कपडा नापाक राहत नाही. फरशी, गादी, फोम यांचे तपशील आपल्या मस्जिदीतल्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावेत, आम्ही शिक्षक आहोत, फतवा देणारे नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जानमाज तीनदा धुतली म्हणजे आपल्यासाठी ती पाक झाली. पण मांजरीच्या नाकाला तिथे अजून तिची जागा आहे, ती पुन्हा येईल. पाक करणं आणि वास मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि अनेक घरांत पहिलं मनापासून होतं, दुसरं राहून जातं. म्हणून आधी एन्झाईमचं पाणी, मग स्वच्छ पाण्याने तीनदा. दोन्ही एकाच खेपेत होतात, आणि उन्हाळ्यात नळाचा भरवसा नसताना पाणीही वाचतं. नमाज झाली की जानमाज घडी करून खुंटीवर टांगायची. पसरून ठेवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. घरात नमाजची ठरलेली जागा असेल तर तिथलं दार लोटून घ्या आणि दाराबाहेर एक टब ठेवा.

सणावारी आणि घरातली माणसं

रमजान ईदच्या आधी घराला रंग लागतो, सामान हलतं, टब कुठेतरी गच्चीवर जातो. बकरीदला आंगणात बकरा बांधला जातो, बरोबर तिथेच जिथे मांजर जायची. बकरा नुसता ठोकरतो म्हणून नाही, त्याचा वास आणि बेंबाटणं यानेच म्हातारी मांजर चार दिवस खाटेखालून निघत नाही. त्या दिवसांत एका शांत खोलीत तिचा टब, पाणी, अंथरूण ठेवून द्या आणि मुलांना सांगून ठेवा. सेहरीला आपण उठतोच, तेव्हा टब साफ करून टाकला तर रात्रीच्या चुका बऱ्याच कमी होतात.

घरात कुणी गरोदर असेल तर टब दुसऱ्याने साफ करावा, आणि रोज करावा. मांजरीच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, पण तो बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याच्या अवस्थेत यायला किमान एक दिवस लागतो. रोजची शी रोज फेकली तर धोका फार कमी होतो. यासाठी सुनेच्या डोहाळ्यांत मांजर हाकलायची गरज नसते. हातमोजे आणि साबण पुरे. शी नालीत किंवा भाजीच्या वाफ्यात नको, कागदात बांधून कचऱ्यात.

आणि काही मांजरी अशा असतात की सगळं करूनही पूर्ण सुधारत नाहीत. गुर्दे गेलेले, विसर पडलेला, पाय चालत नाहीत. त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे अंडरपॅड मिळतात, तेच घ्या. तिच्या झोपण्याच्या जागेभोवती आणि टबाखाली अंथरा. खोली एकच ठेवा, फरशीची, जिथे सतरंजी नाही. मागचे केस लघवीने ओले राहत असतील तर कोमट पाण्याच्या कपड्याने पुसून कोरडे करा, उन्हाळ्यात तिथे माशा बसून अळ्या पडतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी तिला उचलून टबात ठेवायचं, पाच मिनिटं जवळ बसायचं. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाला नेमून देता येतं. ती खात नाही, पाणी पीत नाही, कोपऱ्यात पडून राहते, अशी वेळ आली तर डॉक्टरांना घरी बोलवा किंवा वहीच घेऊन जा, आणि तिला आता किती दुखतंय ते त्यांना सरळ विचारा.